तातेरावांना मनाई

तातेरावांनी पाटी उतरवली ही बातमी टेम्पोवाल्या कचरूनं आणली, तेव्हा बद्रीनाथच्या हातात चहाचा कप होता. तो त्यानं टेबलावर ठेवला आणि संध्याकाळी शिपायानं उचलून नेला, तेव्हाही तो भरलेलाच होता.

"उतरवली म्हणजे? रंग द्यायला उतरवली असंल," बद्रीनाथ म्हणाला.

"न्हाई साहेब. तोंड भितीकडं करून ठिवली. मी माल घेऊन गेल्तो, तर माल बी उतरू दिला न्हाई. म्हणले, ज्या दारात मला मनाई हाये, त्या दारातला माल मला नको. अक्षय्य तृतीयेला दुसऱ्या कंपनीची पाटी चढवून राह्यलेत."

अक्षय्य तृतीयेला पाच दिवस होते.

आता पाटी म्हटलं की पत्र्याचा एक तुकडा, त्यावर कणीस काढलेलं, बाकी काय असतं? पण अंकुशनगरच्या अलीकडच्या फाट्यावर तातेरावांचं जे बियाण्यांचं दुकान आहे, त्या दुकानावरची पाटी बद्रीनाथनं स्वतःच्या हातानं ठोकलेली होती. साल पंच्याऐंशी. बियाण्यांची कंपनी तेव्हा जालन्यात, मस्तगडातल्या एका खोलीत होती. बद्रीनाथ एस.टी.च्या टपावर पिशव्या टाकून गावोगाव हिंडायचा आणि कुणी त्याला दारात उभं करत नसे. तातेराव एकटे म्हणाले होते, "ठेव इथं. उगवलं तर तुझं नशीब, न्हाई उगवलं तर तुझ्या डोक्यावर." उगवलं. पुढच्या वर्षी पाटी लागली. चारातला एक खिळा वाकडा गेला, आणि तेव्हापासून बावीस वर्षं, बद्रीनाथ दुकानात पाय ठेवतो न ठेवतो तोच तातेराव त्या खिळ्याकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, आलं आमचं इंजिनेर!"

एवढ्या वर्षांत कंपनी एमआयडीसीत गेली, बद्रीनाथ विक्री विभागाचा प्रमुख झाला, केस पांढरे झाले. पण कुणी विचारलं की कंपनीत तू काय कमावलंस, तर त्यानं आधी तातेरावांचं नाव घेतलं असतं. तो माणूस आता भिंतीकडं तोंड करून बसला होता.

आणि मनाई तरी कसली? तर त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सात साली, मालक अण्णासाहेबांच्या मनात आलं की कंपनी ऑनलाइन करायची. जालन्यात तेव्हा वेबसाइट असणं म्हणजे दारात मोटार असल्यासारखं होतं. चालवता येते की नाही हे नंतर. औरंगाबादचा एक मुलगा येऊन सगळं बसवून गेला. प्रत्येक डीलरला एक नाव आणि एक परवलीचा शब्द मिळाला. दुकानात बसून बटण दाबलं की जालन्याच्या गोदामात कोणता लॉट आहे, त्याची उगवण शंभरात किती, सगळं समोर.

तातेरावांना या गोष्टीचा आनंद अण्णासाहेबांपेक्षा जास्त झाला होता. त्यांची सून कौसल्या कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. सासऱ्यानं तिच्यासाठी दुकानात मशीन आणून ठेवलं, वर शाल पांघरली, आणि बुकिंग सुरू झालं त्या दिवशी दहा-पंधरा शेतकऱ्यांना मुद्दाम बोलावून बसवलं. "आता बघा, इथून जालन्याचं गोडाऊन दिसतंय." कौसल्यानं बटण दाबलं. पांढरं पान आलं आणि त्यावर काळी अक्षरं: फॉरबिडन. यू डोन्ट हॅव परमिशन. तातेराव म्हणाले, वाच. ती म्हणाली, काही तरी बिघाड आहे मामंजी. तातेराव म्हणाले, काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच. मग तिनं वाचलं: "मनाई आहे. तुम्हाला परवानगी नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

मशीन हे वाक्य जगात कुणाच्याही तोंडावर असंच फेकतं, हे तातेरावांना कोण सांगणार? साठ वर्षांत त्यांनी जेवढ्या म्हणून मनाया वाचल्या होत्या, त्यांतली प्रत्येक कुणीतरी माणसानं लिहिलेली होती. त्यांनी लगेच फोन लावला आणि विचारलं, "बद्रीनाथ, माझा गुन्हा काय?"

बद्रीनाथनं शेजारच्या मशीनवर पाहिलं. साइट छान उघडत होती. आणि तो जे बोलला ते आठवलं की आजही त्याच्या कानाच्या पाळ्या तापतात. तो म्हणाला, "इथं तर बराबर दिसून राह्यलंय. तुमच्याच मशीनमधे खराबी असंल. न्हाई तर सूनबाईला जमत नसंल."

म्हणजे आधी मनाई, वर खोटेपणाचा शिक्का, आणि त्याच्यावर सुनेचा उद्धार. तातेरावांनी फोन ठेवला तो परत उचललाच नाही.

कचरूची बातमी आली आणि बद्रीनाथची धावपळ सुरू झाली. औरंगाबादच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "सर, माझ्याकडून ओपन होतंय. सगळं ओके आहे." अण्णासाहेबांकडं गेला. त्यांनी स्वतः बटण दाबून पाहिलं आणि म्हणाले, "उघडतंय की! म्हाताऱ्याला निमित्त पाहिजे जायला. जाऊ दे." बद्रीनाथला 'जाऊ दे' म्हणता येईना. कुठं जावं हे न सुचून तो लॅबमध्ये जाऊन बसला, कारण तिथं थंड असतं.

लॅब बेबीनंदाची. बेबीनंदा खरात. वडील स्टीलच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर होते; तिनं जालन्यातच बी.एस्सी. केलं आणि अकरा वर्षांपूर्वी इथं लागली. काम दिसायला सोपं: बियाण्याचे शंभर दाणे मोजून ओल्या कागदात गुंडाळायचे, थंड कपाटात उभे करायचे, सातव्या दिवशी उलगडून किती उगवले ते मोजायचं. पण तिनं एकदा एक्याऐंशी लिहिले की मालक डोक्यावर उभे राहिले तरी त्याचे ब्याऐंशी होत नसत. अण्णासाहेब एका वर्षी खरोखरच तासभर उभे राहिले होते. शेवटी तेच म्हणाले, बेबीताई, तुम्ही मोजलं ते मोजलं. तेव्हापासून सगळी कंपनी तिला बेबीताई म्हणते.

वेबसाइट चालवणारं ते मशीन, ज्याला औरंगाबादचा मुलगा सर्व्हर म्हणायचा, तेही तिच्याच लॅबमध्ये होतं. कारण कंपनीत एसी दोनच ठिकाणी, एक इथं आणि एक अण्णासाहेबांच्या केबिनमध्ये; आणि मशीन घुंई घुंई करतं म्हणून अण्णासाहेबांनी ते इकडं पाठवलं. मुलगा येऊन काम करायचा तेव्हा बेबीनंदा शेजारी उभी राहून विचारायची, हे काय केलं, ते कशासाठी केलं, आणि वहीत लिहून ठेवायची. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. आपल्या खोलीत एखादी वस्तू आहे आणि आपल्याला तिच्यातलं कळत नाही, हे तिला झोपू देत नसे.

बद्रीनाथ आला तेव्हा ती कागद उलगडून पेन्सिलीच्या टोकानं अंकुर मोजत होती. तो बोलत राहिला, ती मोजत राहिली. शंभर झाल्यावर आकडा लिहिला, पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, "काका, माती उकरून बघितली का?"

बद्रीनाथचा चेहरा उतरला, कारण हा नियम त्याचाच होता. शेतकऱ्याची तक्रार आली की बियाणं उगवलं नाही, तर आमच्या लॅबमध्ये उगवलं होतं असं कधी म्हणायचं नाही. त्याच्या शेतात जायचं, सरीत उकिडवं बसायचं, बोटानं माती उकरायची आणि दाणा शोधायचा. कुजला, खोल पडला, मुंग्यांनी नेला, की मुळात मेलेलाच होता, ते डोळ्यांनी बघायचं. मग तोंड उघडायचं. बेबीनंदा कामावर आली त्या पहिल्या दिवशी त्यानं हे तिला सांगितलं होतं. नव्या माणसाला तो हे सांगतोच, आणि सांगताना थोडा फुगतोही.

"अगं पण हे काय बियाणं हाये का? मशीन हाये."

"इथं उगवलं म्हणजे तिथं बी उगवलंच असंल, असं म्हणणाऱ्याला तुम्ही काय म्हणता?"

"गाढव म्हणतो," बद्रीनाथ पुटपुटला.

"मंग उद्या सकाळी जाऊ," ती म्हणाली आणि दुसरा कागद उलगडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या जीपमधून दोघं फाट्यावर उतरले. तातेराव 'या' म्हणाले नाहीत, पण आत बघून "पाणी आणा" म्हणाले. तेवढं त्यांच्यानं राहवलं नाही. पाटी भिंतीला टेकलेली होती. वर दाराच्या चौकटीवर चार भोकं आणि त्यातल्या एकात तो वाकडा खिळा अजून अडकलेला. बद्रीनाथनं तिकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं.

बेबीनंदानं कुणाची वकिली केली नाही. स्टूल ओढून ती कौसल्याशेजारी बसली, वही उघडली आणि म्हणाली, "मामा, पहिल्यापासून सांगा. मशीन चालू केलं तिथून."

"सांगायचं काय? तुमच्या सायबाला सगळं ठाऊक हाये."

"त्यांना काही ठाऊक न्हाई. मला बी न्हाई. म्हणून तर आलोत."

तातेराव सांगू लागले. ती मध्ये बोलली नाही. फक्त विचारत होती, किती वाजता, त्या आधी काय केलं होतं, दर वेळी असंच होतं का. कौसल्या हळूच म्हणाली की कधी कधी उघडतं, पण तेव्हा दुकानात कुणी नसतं, आणि सांगितलं तर मामंजींना खरं वाटत नाही. बेबीनंदानं ते लिहून त्याखाली रेघ ओढली.

मग कौसल्यानं इंटरनेटसाठी फोनची लाइन जोडली. पान आलं: फॉरबिडन.

बद्रीनाथनं ते प्रथमच डोळ्यांनी पाहिलं. अख्ख्या पानावर दोन ओळी. कुणी केली मनाई, का केली, कुणाला विचारायचं, काही नाही. त्याला सरळ लाज वाटली. बुकिंगच्या दिवसापासून नऊ दिवस हा म्हातारा खरं बोलत होता, आणि आपण एसीत बसून त्याला खोटं ठरवत होतो.

बेबीनंदानं कौसल्याला पडद्यावर एक काळी खिडकी उघडायला लावली आणि त्यात दिसणारा, त्या लाइनला मिळालेला लांबलचक नंबर वहीत उतरवला, पुढं घड्याळ बघून वेळ. "आता लाइन तोडा आणि परत लावा."

परत लावली. आणि साइट उघडली! लॉट, उगवण, सगळं झळझळीत समोर.

बद्रीनाथ खुश होणार एवढ्यात तातेराव ताडकन उठले. "बघा! बघा आता! जालन्याहून माणसं आली की मनाई उठली. म्हणजे खटका तुमच्याच हाती हाये का न्हाई? मी येडा हाये का?"

म्हाताऱ्याचा हिशोब कुठंही चुकत नव्हता.

"मामा, बराबर बोलून राह्यले तुम्ही," बेबीनंदा म्हणाली. बद्रीनाथनं चमकून तिच्याकडं पाहिलं. "मनाई हाये, आणि ती कुणीतरी केलेली हाये. मशीन सोताहून करत न्हाई. पण ती तुमच्यावर हाये का दुसऱ्या कशावर, एवढं मला शोधू द्या. अक्षय्य तृतीयेच्या आत सांगते. माझंच माणूस चुकलेलं निघालं, तरी सांगते."

तातेराव खाली बसले. कंपनीकडून आलेल्या माणसानं त्यांना 'तुमचं खरं आहे' म्हणावं, याची त्यांनी तयारी केलेली नव्हती. तिनं आणखी पाच वेळा लाइन तोडून जोडायला लावली, पाचही नंबर लिहून घेतले, आणि चहा पिऊन दोघं निघाली.

जीपमध्ये बद्रीनाथला राहवेना. "काय समजलं?"

"आत्ताच न्हाई सांगत काका. वही बघितल्याशिवाय न्हाई."

वही म्हणजे सर्व्हरची. हे मशीन मोठं आतल्या गाठीचं. दारात आलेल्याला तोडकं-मोडकं एक वाक्य ऐकवतं, पण कोण आलं, किती वाजता आलं, त्याला का परत पाठवलं, हे सगळं आपल्या पोटातल्या वहीत नीट लिहून ठेवतं. ज्याला गरज आहे त्याला ती वही दिसत नाही आणि ज्याला दिसते तो ती उघडत नाही. औरंगाबादच्या मुलानं उघडली नव्हती. बेबीनंदानं उघडली. एका हातात फाट्यावरचे नंबर आणि वेळा, डोळे पडद्यावर. अंकुर मोजायची तीच पेन्सिल ओळींवरून खाली सरकत होती. दहा वाजून बेचाळीस मिनिटं, इथं ती थांबली. नंबर तोच. पुढं इंग्रजीत लिहिलेलं तिनं मराठीत सांगितलं, "आपल्याच मांडणीनं या माणसाला नाकारलं."

"आपल्या मांडणीनं म्हणजे?"

"कुणाला आत घ्यायचं, कुणाला न्हाई, याची यादी असती. बघू." तिनं दुसरी फाइल उघडली. त्यात एक ओळ होती: अमुक आकड्यांनी सुरू होणाऱ्या सगळ्या नंबरांना मनाई. आणि त्या ओळीच्या डोक्यावर मुलानं आठवणीसाठी टिपण ठेवलेलं होतं. तारीख पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची. खाली लिहिलं होतं: बद्री सरांच्या सांगण्यावरून.

बद्रीनाथला सगळं आठवलं. अंबडचा वसंता म्हणून एक डीलर कंपनी सोडून गेला होता, पण त्याचं नाव साइटवर चालूच होतं. आपल्या लॉटची उगवण तो दुसऱ्या कंपनीला वाचून दाखवायचा. बद्रीनाथनं घाईत फोन करून मुलाला सांगितलं होतं, "त्या वसंताला बंद कर. जल्दी." बस्स. इतकंच.

"त्यानं वसंताचं नाव बंद करायला पाहिजे होतं," बेबीनंदा पडद्याकडं बघतच बोलत होती, टिपणाच्या ओळीवरून नजर पुढं नेऊन. "त्यानं वसंता ज्या नंबरावरून आल्ता तो नंबर बंद केला. पण फोनवाले दर वेळेला नवा नंबर देतात, म्हणून मंग सगळा गठ्ठाच बंद केला. म्हणजे कसं काका, एस.टी.त वसंता ज्या बाकांवर बसल्ता, ते बाक बंद. वसंता तर कधीच उतरून गेला. आता त्या बाकावर जो बसंल त्याला मनाई. मामांना कधी तो बाक मिळतो, कधी दुसरा."

टिपणाबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. ते तिनं वाचलं होतं हे त्याला दिसलं होतं, आणि आपण पाहिलं हे तिलाही कळलं होतं. एखादीनं नुसतं 'काका, हे बघा' म्हटलं असतं तरी त्याला धरणी दुभंगल्यासारखं झालं असतं. तिनं त्याला तेवढी वाट मोकळी ठेवली. त्या क्षणी बद्रीनाथला या बाईबद्दल जे वाटलं, त्याला आदर म्हणतात. ते वाटायला अकरा वर्षं लागली याचंही वाईट वाटलं.

"काढ ती ओळ," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

तिनं आधी वसंताचं नाव बंद केलं. ओळ मात्र काढली नाही.

"काढते. पण आधी चिठ्ठी."

"कसली चिठ्ठी?"

"ज्या दारात मामांनी मनाई वाचली, त्याच दारात त्यांना खरं वाचायला मिळालं पाहिजे. नुसतं कुलूप काढलं तर ते काय म्हणतील? बोंब मारली म्हणून उघडलं. आयुष्यभर तसंच समजून राहतील." फॉरबिडनच्या जागी आपलं पान लावता येतं, हे तिच्या वहीत लिहिलेलं होतं. पण मराठी अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर गेली की त्यांचे चौकोन होतात. "तुम्ही हातानं लिहा. मी स्कॅनरवर फोटो काढून लावते. तुमचं अक्षर मामा वळखतात."

बद्रीनाथनं कोरा कागद घेतला आणि विक्री प्रमुखाला शोभेल असं लिहिलं: तांत्रिक अडचणीमुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे.

बेबीनंदानं वाचलं. "काका, हे उगवणार न्हाई."

त्यानं दुसरा कागद घेतला: चूक तुमची नाही. चूक आमच्या मशीनची आहे.

तिनं तोही वाचला आणि परत त्याच्यासमोर सरकवला. मशीन सोताहून करत न्हाई, हे ती सकाळी ज्याच्यादेखत बोलली होती तो हाच माणूस होता. बद्रीनाथनं पेन उघडलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं हजारो चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. माल पाठवला, माल पोचला, रामराम. हे वाक्य एकदाही लिहिलं नव्हतं.

तुम्हाला मनाई नाही. चूक माझी आहे. मी न बघता बोललो. मला फोन करा. — बद्रीनाथ. आणि खाली घरचा नंबर.

"हे उगवंल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं चिठ्ठी लावली, पण लावून स्वस्थ बसली नाही. फाट्यावर हे कसं दिसेल, ते इथं कसं कळणार? इथं तर साइट उघडतेच. मग तिनं त्या मनाईच्या यादीत आपल्या स्वतःच्या मशीनचा नंबर घातला. बद्रीनाथ बघतच राहिला. अण्णासाहेबांपासून औरंगाबादच्या मुलापर्यंत सगळे 'इथं उघडतंय' म्हणत बसले होते. या बाईनं आधी स्वतःलाच मनाई केली, मग बटण दाबलं.

चिठ्ठी दिसली नाही. तेच फॉरबिडन, उलट खाली आणखी एक ओळ जास्त.

बेबीनंदा दोन मिनिटं वाचत राहिली आणि एकदम खळखळून हसली. "काका, चिठ्ठीलाच मनाई झाली! ज्याला दारातच अडवायचं त्याला आतलं काहीच दाखवायचं न्हाई, असा हुकूम हाये. चिठ्ठी आत ठेवली आपण." तिनं चिठ्ठीसाठी अंगणात, सर्वांना मोकळी अशी वेगळी जागा केली आणि परत बटण दाबलं. पडद्यावर बद्रीनाथचं तिरपं अक्षर उमटलं. तिनं आपला नंबर यादीतून काढला, वहीत लिहून ठेवलं, आणि कौसल्याला फोन केला. "उद्या सकाळी लावून बघा. उघडलं, तर तोडा आणि परत लावा. उघडत न्हाई तोवर लावत राहा."

"उघडत न्हाई तोवर?" कौसल्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला.

"हो. आणि मंग मामांना बोलवा."

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीयेला दोन दिवस उरले होते. घरचा नंबर लिहिलाय म्हणून बद्रीनाथ ऑफिसला गेलाच नाही. फोनशेजारी खुर्ची टाकून बसला. साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला.

"बद्री," पलीकडून आवाज आला. बावीस वर्षांत तातेरावांनी त्याला नुसतं बद्री कधी म्हटलं नव्हतं. "हे अक्षर तुझं हाये."

"हां, माझं हाये."

"कुणी लिहून घेतलं का तुझ्याकडून?"

"दोनदा खोटं लिहिलं. तिसऱ्यांदा खरं लिहिलं. वसंताला बंद करा म्हणून मीच सांगितल्तं तातेराव, ते तुम्हाला लागलं. पण ती चूक लहान. तुम्ही फोन केला तेव्हा मी उठून आलो न्हाई, वर सूनबाईला बोललो, ती खरी चूक."

पलीकडं मागं दुकानातली माणसं ऐकू येत होती.

"त्या दिवशी होते ते समदे बोलावलेत मी," तातेराव म्हणाले. "कौसल्यानं मोठ्यानं वाचलं. तिला म्हणलं, परत वाच. परत वाचलं." मग म्हणाले, "परवा हातोडी घेऊन ये. खिळे हायेत इथं. आन त्या पोरीला घेऊन ये. तिच्याबिगर येऊ नको."

बद्रीनाथनं लॅबमध्ये फोन केला. बेबीनंदानं "बरं" म्हटलं, आणि यादीतली ती मनाईची ओळ काढून टाकली.

अक्षय्य तृतीयेला सकाळी बद्रीनाथ छप्पन्नाव्या वर्षी शिडीवर चढला. खाली बेबीनंदा शिडी धरून आणि कौसल्या पाटी धरून. त्यानं वाकडा खिळा उपटायला हातोडी लावली तसे तातेराव ओरडले, "त्याला हात लावू नको! तो तसाच राहू दे." मग बेबीनंदाकडं वळून म्हणाले, "मनाई काढली ना गं? मंग चिठ्ठी बी काढली असंल."

"मनाई काढली मामा. चिठ्ठी तिथंच हाये. एरवी दिसणार न्हाई. पुन्हा कधी चुकून कुणाला अडवलं गेलं, तर तीच दिसंल."

तातेरावांनी मान वर करून पाहिलं. "अरे इंजिनेर, तिच्यावर तुझ्या घरचा नंबर हाये. कोण कुठली माणसं फोन करतील."

बद्रीनाथच्या तोंडात दोन खिळे होते. ते त्यानं काढून हातात घेतले.

"करू द्या," तो म्हणाला, आणि पहिला खिळा ठोकायला घेतला.